घरचे पदार्थ विकायचे आहेत, सुरुवात कशापासून करू?

पिठाचे_हात:
जॅम, बिस्किटं आणि लसूण घातलेलं तेल मी आजवर ओळखीच्यांना नुसतंच देत आले. आता लोक म्हणतात, विकायला काढ. मलाही हात मोकळे आहेत. तिन्ही एकदम सुरू करू का? किंमत कशी लावायची? मैत्रीण म्हणते, सामानाच्या दुप्पट लाव. आणि थोडंसंच करायचं असलं तरी परवानगी लागते का?

बरणीवाली:
लसणाचं तेल आधी यादीतून काढा. रागावू नका, चवीला ते छानच असणार. पण लसूण मातीतला, आणि मातीत बोटुलिनम या जीवघेणं विष तयार करणाऱ्या जंतूचे बीजाणू, म्हणजे त्याची झोपलेली, टणक रूपं, असतात. तेलात बुडलेल्या ओल्या लसणात त्यांना ओलावा मिळतो, आम्ल नसतं, हवा पोचत नाही. वाढायला आणखी काय लागतं? हे बीजाणू उकळत्या पाण्यालाही दाद देत नाहीत, त्यांना प्रेशरखाली १२१ अंशांपर्यंतची उष्णता लागते. विष तयार झालं तरी वास येत नाही की चव बदलत नाही. घरी आपण ते फ्रिजमध्ये ठेवून लगेच संपवतो. गिऱ्हाईक बाटली कुठे आणि किती दिवस ठेवेल, ते आपल्या हातात नाही.

जॅमपासून सुरू करा. पीएच म्हणजे आंबटपणाचं माप, आकडा जितका कमी तितकं आम्ल जास्त. तो ४.६ किंवा त्याहून कमी असला की बोटुलिनम वाढत नाही, आणि बहुतेक फळं त्याच्या खालीच असतात. केळं, अंजीर यांत मात्र आम्ल कमी, तिथे लिंबाचा रस मोजून घाला, अंदाजाने नको. साखर ६५ टक्क्यांच्या आसपास गेली की जंतूंना वापरता येईल असं पाणी फारसं उरत नाही. जॅम समुद्रसपाटीला साधारण १०४-१०५ अंशांना जमतो. उंचावर राहत असाल तर थर्मामीटर आधी उकळत्या पाण्यात धरा आणि त्या आकड्यात चार-पाच अंश मिळवा. 'साखर कमी घालून द्या ना' म्हणणारं गिऱ्हाईक येतंच. तो जॅम फ्रिजमध्येच ठेवावा लागतो, हे त्याला तोंडावर सांगा आणि लेबलवरही लिहा.

किंमतीचं दुप्पटीचं सूत्र मला पटत नाही. कित्येकदा आतल्या फळापेक्षा बरणीच महाग पडते. बरण्या उकळणं, लेबलं, गॅस, पोचवणं, वाया गेलेली खेप, सगळं मांडा. मग स्वतःच्या तासांची मजुरी लावा. घरबसल्या धंदा म्हटलं की बायका ही मजुरी शून्य धरतात आणि वर्षभर फुकट राबतात.

वजनकाटा:
बिस्किटंही चालतील, कोरडी असतात. फक्त क्रीम भरू नका. दाणे, तीळ, अंडं, दूध, गहू, सोया यातलं काय घातलंय ते लेबलवर ठळक लिहा. प्रत्येक खेपेला नंबर द्या आणि वहीत तारीख, सामान, तापमान टिपून ठेवा. तक्रार आली तर कुठल्या बरण्या परत मागवायच्या ते कळतं.

पिठाचे_हात:
तेल बंद, वाईट वाटलं पण बंद. बिस्किटं दोन प्रकारची, एकात दाणे आहेत. ट्रे तेच वापरते, नीट धुऊन. चालेल ना?

वजनकाटा:
बिनदाण्याची आधी भाजा, दाण्याची शेवटी. तरी बिनदाण्याच्या लेबलवर 'याच स्वयंपाकघरात दाणे वापरले जातात' हे हवंच. ॲलर्जी असलेल्याला कणही पुरतो.

बरणीवाली:
परवानगीचं राहिलंच. 'थोडंसंच' हे कारण गृहीत धरू नका. नियम जागेप्रमाणे बदलतात: कुठे नुसती नोंदणी, कुठे स्वयंपाकघराची तपासणी, कुठे घरून फक्त टिकाऊ पदार्थ विकायची मुभा. लेबलं छापायच्या आधी तुमच्या भागातल्या अन्न परवान्याच्या कार्यालयात विचारा, कारण पत्ता, वजन, नोंदणी क्रमांक यातलं लेबलवर काय हवं तेही तिथेच कळतं. मी तर पहिली लेबलं हातानेच लिहायला सांगेन.