प्रकाशन शुल्काला पैसे नाहीत, आधी प्रीप्रिंट टाकावा का?

कर्वेनगर_रसायन:
पीएचडीचा पहिला पेपर तयार आहे. हायब्रिड जर्नल (वर्गणीवर चालणारं, पण पैसे भरल्यास एखादा पेपर खुला करणारं) ओपन ॲक्सेससाठी, म्हणजे पेपर सगळ्यांना फुकट वाचता यावा म्हणून, दोन लाखांहून जास्त मागतंय, संशोधन केंद्राकडे तेवढी तरतूद नाही. आधी केमआर्काइव्ह या रसायनाच्या संकेतस्थळावर प्रीप्रिंट (परीक्षणाआधीचा मसुदा) टाकला तर जर्नल नाकारेल का? यूजीसी-केअर ही मान्य जर्नल्सची यादीही बंद झाली. मग जर्नल पारखायचं कसं?

ग्रंथपाल_शिवाजीनगर:
हायब्रिडला पैसे भरायलाच हवेत असं नाही. पेपर स्वीकारला की परवान्याचा फॉर्म येतो, त्यात सबस्क्रिप्शनचा (पेपर फक्त वर्गणीदारांना दिसेल असा) पर्याय निवडा. शुल्क शून्य. घाईत ओपन ॲक्सेसवर टिचकी पडली तर इन्व्हॉइस निघतं, आणि ते रद्द होईपर्यंत पेपर अडकतो. वाचक मिळतील का, ही काळजी थोडी कमी झाली आहे. केंद्राच्या 'वन नेशन वन सबस्क्रिप्शन' योजनेमुळे २०२५ पासून ३० प्रकाशकांची सुमारे १३,००० जर्नल्स सरकारी संस्थांना खुली आहेत. तीन वर्षांचे ६,००० कोटी आहेत, पण खासगी कॉलेजं बाहेरच राहिली, हे मला खटकतं.

पाषाण_रोड:
केमआर्काइव्हच्या सहमालकांत अमेरिकन केमिकल सोसायटी आणि रॉयल सोसायटी ऑफ केमिस्ट्री आहेत, त्यामुळे रसायनात प्रीप्रिंटला सहसा आडकाठी नसते. तरी त्या जर्नलच्या लेखकांसाठीच्या सूचना वाचाच. एकदा डीओआय (पेपरचा कायमचा ओळख क्रमांक) पडला की प्रीप्रिंट पुसता येत नाही, फार तर 'मागे घेतला' असा शेरा लागतो. म्हणून गाईड आणि सगळ्या सहलेखकांची संमती ईमेलवर लेखी घ्या. जर्नलने मांडणी केलेली अंतिम पीडीएफ कुठेही चढवू नका. स्वीकृत हस्तलिखित (परीक्षणानंतरची तुमची स्वतःची प्रत) मात्र एम्बार्गो, म्हणजे जर्नलने घातलेली थांबण्याची मुदत, संपल्यावर संस्थेच्या भांडारात ठेवता येतं.

कर्वेनगर_रसायन:
उत्प्रेरकाच्या पेटंटचं बोलणं चालू आहे. मग?

पाषाण_रोड:
मग थांबा! प्रीप्रिंट म्हणजे जाहीर प्रकटन, नावीन्य तिथेच जातं. आधी पेटंटचा प्रोव्हिजनल (तात्पुरता) अर्ज भरा, नंतर पोस्ट करा. पूर्ण तपशील १२ महिन्यांत द्यावा लागतो.

ग्रंथपाल_शिवाजीनगर:
जर्नल पारखण्याचं राहिलं. केअरचा कक्ष इथेच, आपल्या सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठात होता. यूजीसीने यादी फेब्रुवारी २०२५ मध्ये बंद केली, आता जबाबदारी संस्थांवर आहे. आयएसएसएन (जर्नलचा ओळख क्रमांक) पोर्टलवर तो क्रमांक टाकून नाव आणि प्रकाशक जुळतात का ते बघा. जर्नलच्या संकेतस्थळावरच्या स्कोपस या जर्नल-सूचीच्या लोगोवर जाऊ नका, स्कोपसच्या स्रोत-यादीत स्वतः शोधा. खऱ्या जर्नलचं नाव चोरून काढलेल्या नकली साइटचे पत्ते तिथेही शिरले होते, म्हणून स्कोपसने २०२३ मध्ये जर्नलच्या साइटचे दुवेच काढून टाकले. मागच्या अंकातले चार-पाच डीओआय उघडून पाहा. संपादकांची नावं त्यांच्या संस्थेच्या पानावर तपासा. आठवड्यात स्वीकृतीची हमी देणाऱ्याला पेपर पाठवूच नका.