फौजी वडिलांची ट्रंक: काय वाचावं, कसं जपावं?

फोंडा (धागा सुरू करताना; लिहिणाऱ्यांच्या नावांऐवजी गोव्यातली त्यांची गावं दिली आहेत)
पत्र्याची काळी ट्रंक, झाकणावर पांढऱ्या रंगात नंबर, हुद्दा, नाव. वर्षश्राद्धाला वडिलांवर चार पानं लिहायला बसलं की ‘देशसेवा केली’ याच्या पुढे हात चालत नाही. त्यांचं आयुष्य त्या ट्रंकेत असतं, पण ते कागद वाचायचे कसे हे घरात कुणाला ठाऊक नसतं. जाणकारांनी लिहावं, मोघम नको.

डिचोली
पदकांपासून सुरुवात करा. गोल पदकाच्या कडेवर नंबर, हुद्दा, नाव, पलटण कोरलेली असते. बॅटरीचा उजेड तिरका पाडून भिंगातून बघा. ब्रासो लावू नका, दर दिवाळीला घासून घासून ती अक्षरं झिजतात. मऊ कोरडं फडकं पुरे.

1971 च्या युद्धाचं संग्राम पदक प्रत्यक्ष न लढलेल्या अनेकांनाही मिळालं, म्हणून त्यावरून ‘आघाडीवर लढले’ असं लिहू नये. ‘पूर्वी स्टार’ हे पदक असेल तर पूर्वेचं युद्धक्षेत्र, ‘पश्चिमी स्टार’ असेल तर पश्चिमेचं. जनरल सर्व्हिस मेडलच्या फितीवर ‘गोवा 1961’ अशी धातूची पट्टी दिसली, तर ती ऑपरेशन विजयची, म्हणजे गोवा मुक्तीच्या कारवाईची. फ्रेमवाला फितींचा क्रम हमखास उलटासुलटा करतो. देण्याआधी फोटो काढून ठेवा.

वास्को
डिस्चार्ज बुक (फौज सोडताना मिळणारी सेवेच्या नोंदींची पुस्तिका) सापडत नसेल तर रेकॉर्ड ऑफिसला, म्हणजे त्या दलाच्या नोंदी ठेवणाऱ्या कार्यालयाला लिहा. मराठा लाईट इन्फंट्रीचं बेळगावला, तोफखान्याचं नाशिक रोडला, सिग्नल्सचं जबलपूरला, बॉम्बे सॅपर्सचं खडकीला, नौसैनिकांचं मानखुर्दला. सर्व्हिस नंबर द्याच. आपल्याकडे अर्ध्या वाड्याचं आडनाव एकच, नुसत्या नावावर शोध लागणं कठीण.

ज्यांचे वडील हयात आहेत त्यांनी आजच एक काम करा: आईचं नाव आणि जन्मतारीख डिस्चार्ज बुक, पीपीओ (निवृत्तिवेतनाचा आदेश) आणि आधार या तिन्हींत ताडून बघा. गोव्यात लग्नाच्या नोंदणीत माहेरचं नाव आणि फौजेच्या कागदात सासरचं, असं बऱ्याचदा होतं. एका अक्षराच्या फरकानेही कुटुंब निवृत्तिवेतन अडकतं. दुरुस्ती वडिलांच्या सहीने सोपी. नंतर प्रतिज्ञापत्रं करत आईला फिरावं लागतं.

साखळी
हे सगळं मे संपायच्या आत. पाऊस लागला की कागद हवेतलं पाणी पितो. हवाबंद डबा, दहा लिटरला साधारण 100 ग्रॅम सिलिका जेल, कापडी पुरचुंडीत. नारिंगी दाणे हिरवे झाले की ओव्हनमध्ये 120 अंशांवर दोन तास तापवा, पुन्हा कामाला येतात. लॅमिनेशन अजिबात नको, एकदा केलं की कागद परत सुटा होत नाही. फोटो काचेला चिकटला असेल तर ओढू नका, चेहऱ्याचा थर काचेवर राहतो. काचेसकटच स्कॅन करा, 600 डीपीआयला. लोकरी कोट ट्रंकेत ठेवण्याआधी पूर्ण वाळवा. घामाच्या डागावर कसर आधी लागते.

मडगाव
19 डिसेंबरला, गोवा मुक्तिदिनी, वडिलांची पदकं लावायची असतील तर उजव्या छातीवर. डावी बाजू ज्याने ती कमावली त्याची.

तिरंगा पार्थिवावर फक्त राजकीय, लष्करी वा निमलष्करी इतमामाच्या अंत्यसंस्कारात घालतात, केशरी पट्टा डोक्याकडे. अग्नी देण्याआधी किंवा पेटी खाली सोडण्याआधी तो काढून घ्यायचाच. निवृत्त सैनिकाच्या बाबतीत काय मिळू शकतं ते पणजीच्या सैनिक कल्याण खात्यात आधी विचारा. घरच्या घरी झेंडा पांघरणं कायद्यात बसत नाही.

पेडणे
पत्रांबद्दल कुणी लिहिलं नाही. आंतर्देशीय पत्रावर ठिकाण शोधू नका, मिळणार नाही. ‘99 ए.पी.ओ.’ (ए.पी.ओ. म्हणजे लष्करी टपाल कार्यालय) असेल तर पलटण पूर्वेकडे, इतर बहुतेक ठिकाणी ‘56 ए.पी.ओ.’. शिक्क्यातली तारीख बघून लावत जा. पत्रावर हाताने लिहिलेली तारीख पुष्कळदा नसतेच.

मनिऑर्डरीची कूपनं कचरा समजून टाकतात, ती टाकू नका हो. रक्कम आणि खाली दोन ओळींचा संदेश: फी, कौलं, आईचं औषध. संदेश आहे तसा उतरवा, शुद्धलेखन सुधारू नका. डिस्चार्ज बुकात मुलांची नावं आणि जन्मतारखा असतात, बऱ्याचदा पार्ट टू ऑर्डरच्या (जन्म, लग्न अशा घटना नोंदवणाऱ्या फौजी आदेशाच्या) क्रमांकासकट. त्या तारखा, रजेचे कागद आणि कूपनं एकाशेजारी एक मांडा. कुठल्या बाळाला त्यांनी किती महिन्यांचं झाल्यावर पहिल्यांदा उचललं, ते तिथे दिसतं.