मदत हवी आहे : वाळूजमधल्या वाढत्या वर्कशॉपसाठी कोणते इंटरनेट घ्यावे?

वाळूज_मशिनिंग
नमस्कार. वाळूज एमआयडीसीत आमचे दुचाकीचे सुटे भाग बनवण्याचे वर्कशॉप आहे. वडिलांनी दोन लेथवर सुरू केलेले काम आता अकरा सीएनसी मशिनवर गेले असून गेल्या दिवाळीत दुसरी शेडही चालू झाली. इंटरनेट मात्र अजून तेच, १०० एमबीपीएसचे फायबर ब्रॉडबँड, आणि ते आता पुरत नाही. काल माल भरून ताडपत्री बांधलेली गाडी केवळ ई-इन्व्हॉइस (सरकारी पोर्टलवर ऑनलाइन नोंदवायचे बिल) निघेना म्हणून पावणेदोन तास गेटवर उभी होती. ज्या कंपनीला आम्ही माल देतो, तिथे ठरलेल्या वेळेत गाडी पोहोचली नाही तर पुरवठादार म्हणून आमचे गुण कापले जातात. सेवा देणाऱ्यांकडे मी तीन वेळा तक्रार केली आणि तिन्ही वेळा ‘तुमची लाइन व्यवस्थित आहे’ एवढेच उत्तर मिळाले. ३०० एमबीपीएसचा प्लॅन घ्यावा, १ जीबीपीएसचा घ्यावा की थेट लीज लाइन, म्हणजे फक्त आपल्यासाठी राखीव जोडणी, घ्यावी? सोमवारपर्यंत ठरवायचे आहे, म्हणून कृपया नेमके सांगावे.

तारजोडणी_सिडको
ताई, नेमके सांगता येईल इतकी माहिती तुम्ही दिलेली नाही. इंटरनेट पूर्ण बंद पडते की मंद होते? बंद पडते तेव्हा राउटरजवळच्या फायबरच्या डबीवरचा ‘लॉस’ लिहिलेला दिवा लाल असतो का? त्या वेळी वीज गेलेली असते का? बिल काढण्याचा संगणक कोणत्या शेडमध्ये आहे आणि दुसऱ्या शेडपर्यंत इंटरनेट कसे नेले आहे? ई-इन्व्हॉइससाठी जाणारी-येणारी माहिती अगदी थोडी असते, त्याला १ एमबीपीएससुद्धा पुरेसे होते. म्हणून वेग वाढवून तुमची गाडी वेळेवर सुटेल असे मला वाटत नाही.

जालना_रोलिंग
लीज लाइनच घ्यावी, दुसरा विचार करू नये. ब्रॉडबँडमध्ये एका फायबरवरची क्षमता ३२ किंवा ६४ ग्राहकांपर्यंत वाटलेली असते, त्यामुळे संध्याकाळी शेजाऱ्यांनी वापर वाढवला की त्याची झळ आपल्याला लागते. लीज लाइनमध्ये घेतलेला वेग पूर्णपणे आपला असतो, डाउनलोड जितका तितकाच अपलोड मिळतो, स्वतःचा स्थिर आयपी (इंटरनेटवरचा न बदलणारा पत्ता) मिळतो आणि बिघाड किती तासांत दुरुस्त होईल हे करारात लिहून येते. पैसे कित्येक पटींनी जास्त जातात हे खरे, परंतु आमच्या मिलमध्ये तीन वर्षांत एकदाही पश्चात्ताप झालेला नाही.

पडेगाव_गोदाम
एवढा खर्च कशासाठी करायचा? आम्ही छतावर फाइव्ह-जीचा, म्हणजे मोबाइलच्या टॉवरवरून इंटरनेट घेणारा डबा बसवून घेतला आहे. अर्ज केल्यापासून तिसऱ्या दिवशी जोडणी सुरू झाली, आणि जमिनीत तारच नसल्यामुळे रस्त्याच्या खोदकामात तुटण्याचा प्रश्नच येत नाही.

जालना_रोलिंग
गोदामाला ते चालेल, कारखान्याला मुख्य जोडणी म्हणून चालणार नाही. अशा जोडणीवर बहुधा अनेक ग्राहकांत मिळून एकच सार्वजनिक आयपी असतो. ज्या ग्राहक कंपन्या ठरावीक आयपीवरूनच आपले सर्व्हर उघडू देतात, त्यांच्याकडे तुम्ही काय करणार?

पडेगाव_गोदाम
तशी अट आहे असे ताईंनी कुठेही लिहिलेले नाही. आधी त्यांना विचारा आणि मग दुसऱ्याचा पर्याय खोडून काढा.

लातूर_करसल्लागार
१ ऑगस्ट २०२३ पासून ज्यांची उलाढाल ५ कोटी रुपयांच्या वर आहे, त्यांनाच ई-इन्व्हॉइस बंधनकारक आहे, त्यामुळे आपल्याला ते लागू होते का हे एकदा तपासून घ्यावे. तसेच इंटरनेटच्या बिलावर १८ टक्के जीएसटी असतो आणि जोडणी व्यवसायाच्या नावावर, जीएसटी क्रमांकासह घेतली तर त्याचे क्रेडिट मिळते, म्हणजे तो कर आपल्या भरायच्या जीएसटीतून वजा होतो. पुष्कळ लोक घरगुती नावाने जोडणी घेतात आणि हे पैसे सोडून देतात.

वाळूज_मशिनिंग
करसल्लागार साहेब, ई-इन्व्हॉइस आम्हाला लागू आहे आणि जोडणीही फर्मच्याच नावावर आहे. आयपीची अट सध्याच्या ग्राहकांकडून नाही.
सिडकोच्या दादांच्या प्रश्नांची उत्तरे देते. बिलिंग आणि डिस्पॅच दिवाळीपासून नव्या शेडमध्ये आहे. नवी शेड लागूनच मागच्या प्लॉटवर आहे. राउटर जुन्या शेडमध्ये असून तिथून लॅनची केबल खांबांवरून मागे नेली आहे, सुमारे १४० मीटर असेल. काल इंटरनेट मंद नव्हते, पूर्ण बंद होते. वीज होती. जुन्या शेडमधला दिवा मी पाहिला नाही, पण क्वालिटी विभागातली मुलगी त्याच वेळी ड्रॉइंग डाउनलोड करत होती असे ती आज सांगते. शेवटी मोबाइलच्या हॉटस्पॉटवर बिल काढले. ड्रॉइंग पाठवायला मात्र दोन्ही शेडमधून फार वेळ लागतो. आता तरी कृपया सांगा, कोणता प्लॅन घेऊ?

तारजोडणी_सिडको
ताई, तुमच्या उत्तरातच मूळ दुखणे आहे. जुन्या शेडमध्ये ड्रॉइंग उतरत होते, याचा अर्थ काल इंटरनेट गेलेलेच नव्हते. सेवा देणाऱ्यांनी तीन वेळा खरेच उत्तर दिले. तांब्याच्या लॅन केबलची मर्यादा १०० मीटर असते. तुमची १४० मीटर आहे, तीही उघड्यावर खांबांवरून. ती कशीबशी चालते आणि दमट हवेत किंवा पावसात मान टाकते. शिवाय दोन इमारतींमध्ये उघडी तांब्याची तार ठेवणे धोक्याचे आहे. मृगाच्या आधीच्या वळवाच्या पावसात कडाडणाऱ्या विजेने अशा तारांमुळे जळालेले नेटवर्कचे स्विच मी दरवर्षी बदलतो. दोन शेडमध्ये फायबर टाका आणि दोन्ही टोकांना मीडिया कन्व्हर्टर (फायबर आणि लॅन केबल यांना जोडणारी डबी) बसवा. फायबरमध्ये धातूचा आधारतार नसलेली केबल मागा, म्हणजे वीज त्यातून वाहणार नाही.
ड्रॉइंगचा प्रश्न वेगळा आहे. तो अपलोडचा आहे. तुमच्या प्लॅनमध्ये अपलोड किती आहे आणि कॅमेरे किती आहेत?

वाळूज_मशिनिंग
बिल काढून पाहिले. डाउनलोड १००, अपलोड २० एमबीपीएस. कॅमेरे नऊ आहेत आणि वडील संध्याकाळी घरून ते सगळे एकदम बघतात. याचा संबंध असेल असे कधी मनातही आले नव्हते.

तारजोडणी_सिडको
२ मेगापिक्सेलचा एक कॅमेरा पूर्ण दर्जात सुमारे ४ एमबीपीएस घेतो. नऊचे ३६ झाले, आणि तुमच्याकडे आहेत २०. ड्रॉइंग जाणार कुठून? वडिलांच्या मोबाइलवर कॅमेऱ्यांची सब-स्ट्रीम, म्हणजे कमी दर्जाचे हलके चित्र, लावून द्या, निम्मा त्रास आजच जाईल. प्लॅन घेताना १०० किंवा २०० एमबीपीएसचाच घ्या, पण अपलोडही तितकाच असलेला घ्या. लीज लाइनची गरज मला आज दिसत नाही.
गाडी अडता कामा नये यासाठी दुसरी जोडणी हवीच, आणि ती पडेगावच्या भाऊंनी सांगितलेली फाइव्ह-जीची असली तर उत्तम. दोन्ही जोडण्या दोन वॅनच्या (दोन इंटरनेट जोडण्या घेणाऱ्या) राउटरला लावा आणि त्याला फेलओव्हरवर ठेवा, म्हणजे एक बंद पडली की दुसरी आपोआप सुरू होईल. लोड बॅलन्सवर, म्हणजे दोन्ही जोडण्या एकाच वेळी वापरण्यावर, ठेवू नका, कारण मधेच आयपी बदलला की बँकेचे आणि सरकारी पोर्टलचे लॉगिन तुटते.

जालना_रोलिंग
केबलचे अंतर आधी कळले असते तर मीही लीज लाइनचा आग्रह धरला नसता. मात्र पुढे ग्राहकाने स्थिर आयपी मागितला तर तो ब्रॉडबँडवरही महिन्याला वेगळे पैसे भरून मिळतो, हे कोटेशनमध्ये आत्ताच लिहून घ्या.

वाळूज_मशिनिंग
आज रविवार असल्यामुळे शिडी लावून केबल पाहिली. मधल्या खांबावर दोन तुकडे जोडलेले होते. जोडावरच्या प्लॅस्टिकच्या डब्यात पाणी साचलेले होते आणि कनेक्टरच्या पिना हिरव्या पडल्या होत्या. पुसून पुन्हा बसवल्यावर डिस्पॅचचा संगणक लगेच चालू झाला. फायबर टाकणाऱ्याला बुधवारची वेळ दिली आहे, तोपर्यंत बिलिंगचा संगणक जुन्या शेडमध्ये हलवते. फाइव्ह-जीच्या माणसाला उद्या अकरा वाजता बोलावले आहे. डबा कोणत्या शेडच्या छतावर बसवायला सांगू?

तारजोडणी_सिडको
राउटर जिथे आहे त्या जुन्या शेडवर. आधी मोबाइल घेऊन स्वतः छतावर चढा आणि चारही कोपऱ्यांत सिग्नल व वेग मोजा, पत्र्याखाली उभे राहून मोजलेल्याला अर्थ नाही. राउटर, फायबरची डबी आणि तो डबा तिन्ही एकाच यूपीएसवर घ्यायला विसरू नका.