मदत हवी आहे: सोसायटीचे २४ वाफे, ऑक्टोबर ते फेब्रुवारी कसे चालवायचे?

घोडबंदर_वाफे
ठाण्यात घोडबंदर रोडला सोसायटीच्या मोकळ्या जागेत २४ वाफे आहेत. प्रत्येकी ३ मीटर × १.२ मीटर, कडेला विटा, मधे दोन फुटी वाट. एका घराला एक वाफा. दक्षिणेला सात मजली इमारत. नळ एकच, पाणी सकाळी तासभर. वाटप जूनमध्ये झालं, पावसाळी भेंडी-काकडी संपली, आता गवत माजलंय आणि माती खाली बसलीय. काही शंका:

हिवाळ्यासाठी वाटप बदलावं का? पाण्याची टाकी किती लिटरची, आणि ठिबक चालेल का? दिवाळीत निम्मी घरं गावाला जातात, तेव्हा काय? आणि बऱ्याच जणांना फ्लॉवरच लावायचाय, त्यांना काय सांगू?

अक्षांश१९
वाटप बदला. हाच मुद्दा आधी घ्या, बाकीचं नंतर. जूनमध्ये सूर्य जवळजवळ डोक्यावर असतो, तेव्हा इमारतीच्या उत्तरेचे वाफेही उन्हात दिसतात. सात मजले म्हणजे साधारण २१ मीटर उंची धरली, तर ठाण्यात १५ ऑक्टोबरच्या भर दुपारी सावली सुमारे ११ मीटर उत्तरेला पडते आणि २२ डिसेंबरला सुमारे १९ मीटर. म्हणजे ऑक्टोबरात उन्हात असलेला वाफा डिसेंबरात दिवसभर सावलीत जाऊ शकतो. टोमॅटो लावणाऱ्याला मग नुसती पानं मिळतात आणि तो खताला दोष देतो.

भिंतीपासून टेपने मोजून १९ मीटरवर चुन्याची रेघ मारा. रेघेच्या आत पालक, कोथिंबीर, पुदिना, अळू. तीन-चार तास ऊन मिळालं तरी भागतं. रेघेबाहेर टोमॅटो, वांगी, कोबी, वाल. भांडण नको असेल तर प्रत्येक घराला अर्धा वाफा आत आणि अर्धा बाहेर द्या. झाडाची फांदी आड येत असेल तर परस्पर तोडू नका. १९७५ च्या वृक्षसंरक्षण कायद्यानुसार पालिकेच्या वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागते.

मातीमोल
माती खाली बसली ती नुसती बसली नाही, पावसाने तिच्यातलं नत्र आणि पालाशही धुऊन नेलंय. तशात आपली लाल माती वाळली की विटेसारखी होते. म्हणून वाफसा साधा: मूठभर माती दाबा, लाडू झाला आणि बोटाने टोचल्यावर फुटला की खणायला घ्या. चिखलात खणलंत तर ढेकळं होतील आणि ती हिवाळाभर फुटणार नाहीत.

एका वाफ्याला (३.६ चौ. मी.) १२ ते १५ किलो पूर्ण कुजलेलं कंपोस्ट आणि ३५० ग्रॅम निंबोळी पेंड, वरच्या १५ सेंमीत मिसळून. ताजं शेण अजिबात नको, हुमणी आणि तण दोन्ही घरपोच येतात. गवत मुळासकट काढा, पण बी धरलेलं गवत कंपोस्टात टाकू नका.

थेंबाथेंबाने
पाण्याचा हिशोब: २४ × ३.६ = ८६.४ चौ. मी. ऑक्टोबरच्या उन्हात चौ. मीटरला दिवसाला साधारण ५ लिटर धरा, म्हणजे ४३२ लिटर. ५०० लिटरची टाकी पुरते. भरलेली टाकी अर्धा टन वजनाची, तेव्हा दोन मीटर उंचीचा ओटा सॉलिड ब्लॉकचा बांधा, लोखंडी स्टँडवर भरवसा नको. ओट्यासाठी सोसायटीचा ठराव घ्या. वार्षिक सभा ३० सप्टेंबरपर्यंत होते, तिथेच विषय मांडून टाकायचा.

वाफ्यावर १६ मिमीच्या तीन इनलाइन नळ्या (ड्रिपर आतच बसवलेल्या), ३० सेंमीवर ड्रिपर, म्हणजे वाफ्याला ३० ड्रिपर. पाकिटावर ताशी ४ लिटर लिहिलेलं असतं ते १ बार दाबाला. दोन मीटरवरून मिळतो ०.२ बार, त्यामुळे प्रत्यक्षात सुमारे १.८ लिटर पडतं. वाफ्याला ताशी ५४ लिटर, गरज १८ लिटर, म्हणजे वीस मिनिटं. सगळे वाफे एकदम सोडले तर लांबच्यांना पाणी पोचत नाही. सहा-सहाचे चार गट, प्रत्येकाला वेगळा कॉक.

प्रेशर कम्पेन्सेटिंग ड्रिपर (दाब बदलला तरी सारखंच पाणी सोडणारे) घेऊ नका, इतक्या कमी दाबाला नीट चालत नाहीत. टाकीनंतर जाळीचा फिल्टर हवाच. आठवड्याला धुवा आणि नळ्यांची शेवटची टोकं उघडून पाणी वाहू द्या. टाकीला घट्ट झाकण आणि ओव्हरफ्लोला जाळी, नाहीतर डासांच्या अळ्या होतील आणि पालिकेची नोटीस येईल.

घोडबंदर_वाफे
तासाभरात ५०० लिटर भरेल का ते कसं बघू? आणि दिवाळीला टायमर लावला तर?

थेंबाथेंबाने
नळाला पाईप लावून त्याचं टोक टाकीच्या तोंडाइतकं उंच धरा आणि १० लिटरची बादली भरा. ७० सेकंदांच्या आत भरली तर जमलं. खाली मोजून उपयोग नाही, वर चढताना धार कमी होते. टाकीत फ्लोट व्हॉल्व्ह बसवा, म्हणजे सकाळी कोणी उभं राहायला नको.

टायमर बॉल व्हॉल्व्हचा घ्या. सोलेनॉइडचा (विजेच्या चुंबकावर उघडणारा) कमी दाबावर अडकतो. चार गटांना चार टायमर, सुरू होण्यात अर्ध्या तासाचं अंतर. तेवढे पैसे नसतील तर वाफ्यावर ५-७ सेंमी सुक्या पानांचं आच्छादन घाला आणि राहिलेल्या घरांची पाळी लावा. आच्छादन असेल तर मूळ धरलेल्या रोपांना एक दिवसाआड पाणी चालतं. मात्र दिवाळीच्या आधीच्या आठवड्यात कोणालाही नवीन रोपं लावू देऊ नका, पहिले आठ-दहा दिवस त्यांना रोज पाणी लागतं.

खारघरकर
फ्लॉवरवाल्यांना बियाण्याची जात बघायला सांगा. पुसा स्नोबॉलसारख्या उशिराच्या जातींना गड्डा धरायला १० ते १६ अंश लागतात, आपल्याकडे ते होणे नाही. लवकर येणाऱ्या जाती घ्या, उदा. पुसा दीपाली. रोप चार-पाच आठवड्यांचं असतानाच लावा. जुनं झालेलं रोप सुपारीएवढा गड्डा धरून बसतं. अंतर ४५ × ४५ सेंमी. धुतलेल्या मातीत बोरॉन कमी पडतो, मग दांडा पोकळ आणि गड्डा तपकिरी होतो. वाफ्याला ३.५ ग्रॅम बोरॅक्स १० लिटर पाण्यात, एकदाच. जास्त घातलं तर झाडच जळतं. माझं मत विचाराल तर पहिल्या वर्षी नवलकोल लावा, कटकट कमी.

पालेभाज्या एकदम पेरू नका, नाहीतर एकाच रविवारी सगळ्यांकडे मेथी. दर १०-१२ दिवसांनी वाफ्याचा तिसरा हिस्सा. मेथी चौ. मीटरला ३ ग्रॅम, कोथिंबीर ६ ते ८ ग्रॅम. धणे रगडून दोन फाका करा आणि रात्रभर भिजवा, अख्खे पेरले तर उगवण विरळ. घाई असलेल्यांना वाळू मिसळून समुद्रमेथी (कोवळीच काढायची बुटकी मेथी), दहा-बारा दिवसांत जुडी हातात. कुंपणाला नोव्हेंबरात वाल सोडा. जानेवारी-फेब्रुवारीत पोपटीपुरत्या (मडक्यात शेंगा भाजायचा बेत) शेंगा सुटतील.

मातीमोल
डिसेंबरात ढगाळ हवा झाली की वालावर मावा येतो. १०,००० पीपीएमचं निमतेल लिटरला २ ते ३ मिली, थोडा साबण घालून, संध्याकाळी, पानाच्या खालच्या बाजूला. ढालकिडे (लेडीबर्ड) दिसत असतील तर चार दिवस थांबा, ते मावा खातात. कोबीभोवती दोन ओळी मोहरी लावा, चौकोनी ठिपक्यांचा पतंग आधी तिथे अंडी घालतो.

घोडबंदर_वाफे
वाटांवर शंखी गोगलगायी खूप आहेत. मीठ टाकू का?

मातीमोल
वाफ्यात मीठ नको, माती बिघडेल. १ किलो गूळ १० लिटर पाण्यात विरघळवून त्यात गोणपाटं भिजवा आणि तिन्हीसांजेला वाटांवर अंथरा. उजाडताच खालच्या गोगलगायी हातमोजे घालूनच गोळा करा (त्यांच्यात माणसाला बाधणारे परजीवी असतात) आणि मिठाच्या पाण्याच्या बादलीत टाका. ते पाणी गटारात, कंपोस्टात नाही. विटांच्या फटीत वाटाण्याएवढी पिवळसर अंडी दिसली तर तीही काढा. हे सगळं रोपं लावायच्या आधी, कारण कोवळ्या कोबीचा त्या एका रात्रीत फडशा पाडतात.