मदत हवी आहे: साप चावला की आधी मांत्रिक म्हणणाऱ्या अण्णांना कसं समजवायचं?

नमस्कार मंडळी. आमचं गाव गुहागर तालुक्यात. लावणीच्या दिवसांत कुणाला तरी जनावर चावतंच. माझे थोरले काका, अण्णा, वाडीतले जाणते. ते माणसाला आधी विष उतरवणाऱ्याकडे पाठवतात. बरा झाला तर "बघ, उतरलं की नाही!" आणि दगावला तर "आणायलाच उशीर केलात."

धामण, दिवड, नानेटी मुळात बिनविषारी. विषारी सापाच्याही प्रत्येक दंशात विष अंगात जातंच असं नाही. म्हणजे बरेच जण कुठेही न जाता वाचले असते, पण यश मांत्रिकाच्या खात्यात जमा होतं. फुरसं, घोणस चावली तर दवाखान्यातलं प्रतिविष हाच उपाय. मण्यारीचं तर अधिक भय: दंशाला सूज-वेदना फारशी नसते, आणि मंत्र चालू असताना श्वास मंदावत जातो.

मी हे बोललो की अण्णा आणखी हट्टाला पेटतात. मानसशास्त्रज्ञ लिऑन फेस्टिंगर यांनी १९५७ मध्ये मांडलेली बोधात्मक विसंगती, म्हणजे दोन गोष्टी मनात एकमेकींशी जुळेनात की होणारी ओढाताण, हीच असावी. माझं पटलं, तर आजवर आपणच माणसं धोक्यात घातली हे त्यांना पोटात घ्यावं लागेल. माणूस मनाने फार चांगला आहे, म्हणूनच ते जड जातंय.

कुणी घरच्या वडीलधाऱ्यांचं असं मत त्यांचा मान राखून वळवलंय का? "मंत्र नंतर, आधी दवाखाना" एवढंच मागावं, की सर्पमित्राला वाडीत बोलवावं? पाऊस तोंडावर आलाय, कृपया लवकर सांगा.