पावसाळ्यात साउंड लेव्हल मीटरच्या मायक्रोफोनची काळजी कशी घ्यावी? (मदत हवी आहे)

नमस्कार.

भोसरी एमआयडीसीतील एका कारखान्याच्या प्रेस शॉपमध्ये (यंत्राने धातूचे पत्रे दाबून आकार देण्याच्या विभागात) पाळीभर कामगारांच्या कानांवर किती आवाज पडतो, याची मोजणी माझ्याकडे आहे. त्यासाठी अर्ध्या इंचाचा कंडेन्सर मायक्रोफोन (पातळ पडदा आणि विद्युतभार यांवर चालणारा) असलेले साउंड लेव्हल मीटर वापरतो आणि पाळीच्या सुरुवातीला व शेवटी ते ९४ डेसिबल, १००० हर्ट्झच्या कॅलिब्रेटरवर (ठराविक पातळीचा आवाज देणाऱ्या उपकरणावर) तपासतो.

उन्हाळ्यात या दोन वाचनांत ०.१ किंवा फार तर ०.२ डेसिबलचा फरक पडत असे. जुलै लागल्यापासून मात्र सकाळी ९४.० दाखवणारे मीटर संध्याकाळी ९३.२ दाखवते, शांत खोलीतही आकडा मध्येच उसळी घेतो, आणि रात्रभर पेटीत राहिल्यावर दुसऱ्या दिवशी सगळे पूर्ववत होते. मीटर एसी असलेल्या ऑफिसात ठेवतो आणि तेथून थेट शॉपमध्ये नेतो, जिथे पावसाळी दमट हवेत तेलाची वाफही मिसळलेली असते.

एरवी ०.८ डेसिबलकडे कोणी पाहणार नाही. परंतु आमच्या एका मोठ्या प्रेसजवळची आठ तासांची पातळी ८९.५ डीबी (ए), म्हणजे माणसाच्या कानाच्या संवेदनशीलतेनुसार मोजलेले डेसिबल, भरते आणि मर्यादा ९० आहे. मीटर कमी दाखवत असेल, तर मर्यादेपलीकडे उभा असलेला माणूस आमच्या कागदावर सुरक्षित ठरतो, आणि हीच गोष्ट मला स्वस्थ बसू देत नाही.

एका सहकाऱ्याने मायक्रोफोनची जाळी काढून आतला पडदा स्पिरिटच्या बोळ्याने पुसण्याचा सल्ला दिला होता. तो पडदा अवघ्या काही मायक्रॉन जाडीचा असल्याने मी हात लावलेला नाही. हे बरोबर केले का? आणि या महिन्यातील मोजण्यांचे काय करावे?

प्रतिसाद:

नमस्कार. जाळीला हात लावला नाहीत, हे फार चांगले केलेत. पडद्याला बोळा लागला की मायक्रोफोन बहुधा कायमचा जातो. तुम्ही सांगितलेली लक्षणे ओलाव्याची आहेत. एसीत गार झालेला मायक्रोफोन दमट हवेत उघडला की त्यावर बाष्प धरते, त्यातून विद्युतभार झिरपतो आणि वाचन घसरते. म्हणून पेटी बंद ठेवूनच शॉपमध्ये न्यावी, अर्धा-पाऊण तास तेथील तापमानाला येऊ द्यावी आणि मगच उघडावी. पेटीत सिलिका जेल ठेवावे व त्याचा रंग बदलला की ते तापवून कोरडे करावे किंवा बदलावे. फोमचे आवरण सौम्य साबणाच्या पाण्याने धुवावे, परंतु पूर्ण वाळल्याशिवाय मायक्रोफोनवर चढवू नये.

कॅलिब्रेटरही एकदा तपासा. त्याच्या तोंडातील रबरी रिंग झिजली असेल किंवा मायक्रोफोन शेवटपर्यंत बसला नसेल, तर असाच फरक दिसतो. त्यामुळे तो काढून पुन्हा बसवून तीन वेळा वाचन घ्यावे. उद्या कोणी पिस्टनफोन (पिस्टनने ठराविक आवाज काढणारा कॅलिब्रेटर, ज्याची पातळी हवेच्या दाबानुसार बदलते) दिला, तर पुण्याची उंची ध्यानात ठेवा: सुमारे ५६० मीटरवर हवेचा दाब कमी असल्याने त्यात अर्ध्या डेसिबलहून थोडी जास्त दुरुस्ती करावी लागते.

मोजण्यांबद्दल स्पष्ट सांगतो. पाळीच्या दोन टोकांच्या वाचनांत ०.५ डेसिबलहून अधिक फरक असेल, तर त्या दिवसाची मोजणी रद्द धरून पुन्हा घ्यावी, आणि संध्याकाळचे वाचन मीटर जुळवण्याआधीच नोंदवहीत लिहावे. मायक्रोफोन कोरडा राहूनही घसरण थांबली नाही, तर तो एनएबीएल (प्रयोगशाळांना मान्यता देणारे राष्ट्रीय मंडळ) मान्यताप्राप्त प्रयोगशाळेकडे पाठवा. दरम्यान त्या प्रेसवरच्या माणसांना कानाची संरक्षक साधने आजपासूनच द्या. त्यासाठी नव्या मोजणीची वाट पाहू नका.