मदत हवी आहे: ईएसआयचा (कामगार राज्य विमा) आजारपणाचा भत्ता, सर्टिफिकेट चंदगडचं

बेळगावच्या उद्यमबागेत आमचं छोटं मशीन शॉप आहे. सीएनसीवरचा (संगणकावर चालणाऱ्या मशीनवरचा) एक मुलगा काविळीने महिनाभर गावी, चंदगड तालुक्यात पडून आहे. त्याच्या जागी दुसऱ्याला दुप्पट दराने ओव्हरटाइम देतोय, तरी मशीन अर्धा दिवस बंदच.

पगार 21,000 च्या आत. ईएसआयच्या वर्गणीचे आमचे 3.25 आणि त्याचे 0.75 टक्के वेळेवर भरलेत, सहामाहीत 78 दिवसांच्या वर्गणीची अटही पुरी. म्हणजे पहिले दोन दिवस सोडून पगाराच्या 70 टक्के भत्ता बसतो. घोडं अडलंय सर्टिफिकेटवर: ते खासगी डॉक्टरचं, तेही महाराष्ट्रातलं. आमचा सल्लागार नुसता 'बघू' म्हणतो (त्याचं सगळंच 'बघू'). पोराला इतक्यात बेळगावला आणणं शक्य नाही.

असं खासगी सर्टिफिकेट बेळगावच्या शाखेत कुणी मंजूर करून घेतलंय का? सोबत कोणते रिपोर्ट जोडले?